वेअरहाऊसमधली नोकरी आयातीमुळे गेली, तर मदत कोणाला मिळते? अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

न्यू जर्सी टर्नपाइकच्या एक्झिट ८-एला उतरलं की क्रॅनबरी, मन्रो, साउथ ब्रन्सविक या पट्ट्यात नुसती सपाट छपरांची वेअरहाऊसं. एडिसन-इझलिनकडे नुकतंच ग्रीन कार्डावर आलेल्या कितीतरी घरांत पहिली नोकरी इथलीच असते. पिकिंग, पॅकिंग, लेबलिंग आणि जरा जम बसला की फोर्कलिफ्ट. इंग्रजी बेताचं असलं तरी चालतं, तात्पुरती माणसं पुरवणारी एजन्सी दोन दिवसांत कामाला लावते. पण नोकरी जाते तीही तशीच झटपट. सोमवारपासून येऊ नका, झालं.

मग देवळात, ग्रोसरीच्या दुकानात कोणी ना कोणी सांगतं: आयातीमुळे नोकरी गेली असेल तर सरकार ट्रेनिंगचे पैसे देतं, वर दोन-अडीच वर्षं भत्ता देतं. ही योजना खरोखरच होती. तिचं नाव ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स, सगळे टीएए म्हणतात. १९६२ च्या कायद्यात तिची सुरुवात झाली, १९७४ च्या ट्रेड अ‍ॅक्टने तिला आजचं रूप दिलं. पात्र कामगाराला मंजूर प्रशिक्षणाचा खर्च मिळे आणि प्रशिक्षण चालू असेपर्यंत, बेकारी भत्त्याचे आठवडे धरून, जास्तीत जास्त १३० आठवडे उत्पन्नाचा आधार मिळे. अडीच वर्षांची गोष्ट उगाच पसरलेली नाही.

पण १ जुलै २०२२ पासून योजना बंद करण्याचं कलम लागू झालं आहे. फेडरल कामगार खातं, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ लेबर, तेव्हापासून नवे अर्ज घेत नाही, कोणत्याही नव्या गटाला पात्र ठरवत नाही, आणि फेरविचाराच्या विनंत्याही घेत नाही. त्या दिवशी ज्यांची चौकशी अर्धवट होती त्यांचीही फाइल तिथेच थांबली. म्हणून काल नोकरी गेलेल्या माणसाने टीएएच्या मागे लागून पहिले आठवडे घालवू नयेत. आधी जे आजही मिळतं ते पदरात पाडून घ्यावं, मग टीएएचा विचार करावा. खालच्या पायऱ्या साधारण त्याच क्रमाने लावल्या आहेत. राज्याचे नियम न्यू जर्सीचे आहेत. तुम्ही दुसरीकडे असाल तर तिथले बघावे लागतील.

पहिली पायरी: त्याच आठवड्यात अनएम्प्लॉयमेंटचा क्लेम

अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्सचा क्लेम राज्याच्या वेबसाइटवर भरायचा. नोकरी गेली त्याच आठवड्यात भरा, कारण क्लेम साधारणपणे भरलेल्या आठवड्यापासून धरतात. एजन्सीकडून दुसरं काम येईल म्हणून महिनाभर वाट पाहिली तर ते आठवडे बहुधा हातचे जातात. न्यू जर्सीत सरासरी आठवडी पगाराच्या ६० टक्के रक्कम मिळते, वर एक कमाल मर्यादा असते जी दरवर्षी बदलते, आणि जास्तीत जास्त २६ आठवडे मिळते. आयात असो, रोबो असो की धंदा बसलेला असो, कारण कोणतंही चालतं. तुमचा दोष नसताना काम गेलं एवढं पुरे.

काम एजन्सीमार्फत असेल तर आणखी एक गोष्ट करा. असाइनमेंट संपल्यावर एजन्सीला दुसरं काम आहे का हे विचारा, आणि तेही टेक्स्ट किंवा ईमेलने, म्हणजे पुरावा राहील. कामगाराने विचारलंच नाही तर त्याने स्वतःहून काम सोडलं असं अनेक राज्यांत धरलं जातं आणि क्लेम अडतो.

आता आपल्या लोकांची नेहमीची भीती: हे पैसे घेतले तर पुढे ग्रीन कार्डाला किंवा सिटिझनशिपला आडवं येईल का? नाही येत. अनएम्प्लॉयमेंट हा कामातून कमावलेला विमा आहे, ‘पब्लिक चार्ज’च्या, म्हणजे सरकारी मदतीवर जगणारा माणूस ठरवण्याच्या, हिशेबात तो धरत नाहीत. फक्त तुम्हाला काम करण्याची कायदेशीर परवानगी हवी, काम करताना ती होती आणि आजही आहे, अशी. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही. वर्क परमिटवर असाल तर त्याची मुदत तपासा. ती संपली की नव्या कामाला तुम्ही उपलब्ध आहात असं म्हणता येत नाही, आणि भत्ता थांबतो.

दुसरी पायरी: सही करण्याआधी नोटीस वाचा

वेअरहाऊस बंद होतंय किंवा एकदम मोठी कपात होतेय, अशा वेळी मालकाने आधी लेखी कळवावं लागतं. फेडरल कायद्यात, ज्याला सगळे वॉर्न म्हणतात, साधारण १०० किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाने ६० दिवस आधी कळवायचं असतं. न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा याहून कडक आहे. १० एप्रिल २०२३ पासून इथे मुदत ९० दिवसांची आहे, आणि कायद्यात बसणाऱ्या कपातीत प्रत्येक पूर्ण वर्षाच्या नोकरीमागे एक आठवड्याचा पगार सेव्हरन्स, म्हणजे नोकरी जाताना मिळणारी भरपाई, म्हणून द्यावाच लागतो. नोटीस कमी दिवसांची दिली तर आणखी चार आठवड्यांचा.

हा सेव्हरन्सचा हक्क सोडून देतो अशा कागदावर तुम्ही सही केलीत तरी लेबर कमिशनर किंवा कोर्टाच्या मंजुरीशिवाय ती चालत नाही. एचआर म्हणेल, आजच सही करा, नाहीतर काही मिळणार नाही. कागद घरी घेऊन या, कोणाकडून तरी वाचून घ्या.

तिसरी पायरी: तुम्ही नेमके कोणाचे कामगार होता?

इथून पुढे टीएएची भाषा सुरू होते, पण ही पायरी एरवीही उपयोगाची आहे. वेअरहाऊसमध्ये तीन प्रकारचे लोक एकाच रॅकखाली काम करतात. काही माल बनवणाऱ्या कंपनीचे, काही लॉजिस्टिक्सचं कंत्राट घेणाऱ्या कंपनीचे, आणि बाकी टेम्प एजन्सीचे. सेफ्टी व्हेस्ट सगळ्यांचं सारखंच, त्यामुळे विचारलं की जो तो दारावरच्या बोर्डावरचं नाव सांगतो. ते नाव बरोबर असेलच असं नाही.

पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती, काढा आणि पगार कोणाच्या नावाने आला ते बघा. वर्षाच्या पगाराचा आणि कराचा जो डब्ल्यू-२ फॉर्म मिळतो, त्याच्यावर मालकाचं नाव आणि त्याचा कर क्रमांक असतो, तो उतरवून घ्या. न्यू जर्सीत वेअरहाऊसमधल्या कामांसह बऱ्याच टेम्प कामांना २०२३ पासून टेम्पररी वर्कर्स बिल ऑफ राइट्स लागू आहे. कामावर पाठवताना एजन्सीने लेखी नोटीस द्यायची असते आणि तिच्यावर ज्या कंपनीत पाठवलं तिचं नाव-पत्ता असतो. बहुतेकांनी ती चिठ्ठी गाडीत कुठेतरी टाकलेली असते. शोधा.

शेवटी स्वतःला विचारा: रोजचं काम कोण सांगत होतं? शिफ्ट कोण ठरवत होतं, चुकलं तर कोण बोलत होतं, घरी कोणी पाठवलं? एजन्सीची बाई महिन्यातून एकदा येऊन जात असेल आणि रोजची सगळी हुकमत कारखान्याच्या सुपरवायझरची असेल, तर टीएएच्या दृष्टीने त्याला फार महत्त्व आहे.

चौथी पायरी: काम गेलं ते कशामुळे?

वेअरहाऊस कामगार पात्र की नाही, हा प्रश्न विचारतानाच लोक चुकतात. टीएएमध्ये तुमचं काम काय होतं हे दुय्यम. कायदा कंपनीकडे बघे, आणि एकट्या माणसाचा अर्ज घेत नसे, कामगारांच्या गटाचा घेत असे. गटाच्या वतीने कामगार स्वतः, युनियन, मालक किंवा राज्याचं रोजगार केंद्र अर्ज करू शकत असे. गटातल्या पुरेशा लोकांचं काम गेलेलं किंवा जायच्या बेतात असावं लागे. मोठ्या कंपनीत ५ टक्के किंवा ५० माणसं, यांतला कमी असेल तो आकडा. तास आणि पगार दोन्ही ८० टक्क्यांवर किंवा त्याखाली आले असतील तर तेही अंशतः काम गेल्यातच मोजलं जाई.

मुख्य कसोटी कारणाची. एक वाट अशी: कंपनीची विक्री किंवा उत्पादन घटलं आणि तशाच प्रकारच्या परदेशी मालाची आयात वाढल्याचा त्यात महत्त्वाचा वाटा होता. महत्त्वाचा म्हणजे सगळ्यात मोठाच असा अर्थ नाही. बाकी कारणंही चालतात. दुसरी वाट: कंपनीने उत्पादनच परदेशात हलवलं. २००९ ते जून २०२१ या काळात बहुतेक वर्षं सेवा देणाऱ्या कंपन्याही या नियमात बसत होत्या, आणि काम भारतात हलवल्यामुळे अमेरिकेतल्या कॉल सेंटर आणि आयटीच्या कितीतरी गटांना तेव्हा टीएए मिळाली. १ जुलै २०२१ ला नियम मागे गेले आणि शेवटच्या वर्षात पुन्हा फक्त वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांचे कामगार उरले.

तर मग वेअरहाऊसचं काय, वेअरहाऊस तर काहीच बनवत नाही? नियमात यासाठी सोय होती. कारखान्याच्या जोडीने चालणारी साहाय्यक जागा, मग ती त्याच आवारात असो की वीस मैलांवर, उत्पादन विभागाचाच भाग धरता येत असे. समजा एक कंपनी पेनसिल्व्हेनियात फर्निचर बनवते आणि तिचं स्वतःचं वेअरहाऊस न्यू जर्सीत आहे. स्वस्त आयात फर्निचरमुळे गिऱ्हाइकं तुटली, कारखाना आटोपता घेतला, पाठोपाठ वेअरहाऊसमधली माणसं कमी केली. हे कामगार पात्र ठरण्याची शक्यता चांगली, कारण त्यांच्या हाताखालून जाणारा माल त्याच कारखान्याचा होता.

इथे एक मेख आहे. कारखाना बंद करून तीच कंपनी तोच माल बाहेरून मागवायला लागते, तेव्हा वेअरहाऊसमधलं काम बऱ्याचदा वाढतं. कंटेनर येतात, माणसं लागतात. मग दोन वर्षांनी रोबो आणून कपात झाली तर कारण रोबो, आयात नव्हे. कारखान्याला टीएए मिळाली होती म्हणून वेअरहाऊसलाही मिळेल, असं आपोआप होत नसे. तारखा जुळाव्या लागत.

एजन्सीचे लोक यात बसत होते का? बसत होते, जर ते पात्र कंपनीच्या जागेवर आणि तिच्याच हुकमतीखाली काम करत असतील तर. तिसऱ्या पायरीत सुपरवायझर कोण हे विचारायला सांगितलं ते याचसाठी. लॉजिस्टिक्स कंपनी आपल्या वेगळ्या इमारतीतून दहा गिऱ्हाइकांचा माल हाताळत असेल तर ही वाट बंद, पण आणखी एक फट होती. पात्र ठरलेल्या कंपनीसाठी थेट पुढचं काम करणारी कंपनी, जिच्यात जुळणी, पॅकिंग, वाहतूक ही कामं धरली होती, तिचे कामगार दुसऱ्या फळीत येऊ शकत. त्या गिऱ्हाइकाचं काम गेल्यानेच आपल्याकडे कपात झाली हे मात्र दिसावं लागे. दहातलं एक छोटं गिऱ्हाईक गेलं, एवढ्याने भागत नसे.

आता जे बसत नव्हते ते सरळ सांगतो, कारण या भागातली बहुतेक वेअरहाऊसं यातच येतात. दुकानांच्या साखळीचं वितरण केंद्र ऑनलाइन खरेदीमुळे बंद झालं: नाही. वेअरहाऊस भाडं परवडेना म्हणून दुसऱ्या राज्यात नेलं: नाही. कंपनी मुळातच फक्त आयात करून विकते: ती इथे काही बनवतच नाही, त्यामुळे नाही.

आणि आत्ता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, टॅरिफचा, म्हणजे आयातीवरच्या कराचा. २ एप्रिल २०२५ ला जवळजवळ सगळ्या देशांवर टॅरिफ जाहीर झाले. स्वस्त पार्सलांना मिळणारी करमाफी चीन आणि हाँगकाँगसाठी २ मे ला आणि बाकी देशांसाठी २९ ऑगस्टला संपली. कंटेनर कमी आले म्हणून तुमची शिफ्ट गेली, तर ते व्यापारामुळेच गेलं हे कोणीही सांगेल. पण टीएएचा कायदा आयात वाढल्याने झालेल्या नुकसानीसाठी लिहिलेला आहे. आयात घटल्यामुळे रिकाम्या पडलेल्या वेअरहाऊसचा विचार त्यात नाही. योजना उद्या जशीच्या तशी सुरू झाली तरी या लोकांना ती लागू होणार नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आज तरी असंच आहे.

पाचवी पायरी: जुनं प्रमाणपत्र आहे का ते बघा

ज्या कामगारांच्या गटाला पात्र ठरवून प्रमाणपत्र दिलं गेलं आणि ज्यांची नोकरी ३० जून २०२२ किंवा त्याआधी गेली, त्यांचे हक्क योजना बंद झाल्यावरही संपले नाहीत. एवढी वर्षं लोटल्यावर भत्त्याच्या बऱ्याच मुदती उलटल्या असतील, पण तुमचं किंवा घरातल्या कोणाचं काम त्या सुमारास गेलं असेल तर एकदा बघायला काही खर्च नाही. फेडरल कामगार खात्याच्या वेबसाइटवर अर्जांचा शोध घेता येतो. प्रत्येक अर्जाला टीए-डब्ल्यू या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. कंपनीचं नाव आणि राज्य टाकून शोधा, मूळ कंपनीचं आणि एजन्सीचंही. प्रमाणपत्रात कधी कधी ‘अमुक एजन्सीच्या कामगारांसह’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

प्रमाणपत्र अर्जाच्या तारखेच्या एक वर्ष आधीपासून, ते दिल्यानंतर दोन वर्षांपर्यंत काम गेलेल्यांना लागू होतं. तुमचा शेवटचा दिवस या मधे पडतो का, ते मोजा. सापडलं तर कागद घेऊन राज्याच्या वन-स्टॉप करिअर सेंटरमध्ये, म्हणजे रोजगार केंद्रात, जा, कारण पैसे फेडरल सरकारचे असले तरी टीएएचं काम राज्यच बघतं.

सहावी पायरी: ट्रेनिंग दुसऱ्या दारातून

टीएए बंद असली तरी फुकट प्रशिक्षण पूर्ण बंद नाही. २०१४ च्या कायद्याने चालणारी विओआ नावाची व्यवस्था आहे. तिच्यात नोकरी गमावलेल्यांसाठी वेगळा निधी असतो, आणि नोकरी आयातीने गेली की टॅरिफने, हे कोणी विचारत नाही. टीएएइतकी ती उदार नाही. निधी संपतो, अभ्यासक्रम यादीतलाच घ्यावा लागतो, वाट बघावी लागते. तरी वन-स्टॉप सेंटरमध्ये जाऊन ‘डिसलोकेटेड वर्कर’ म्हणून नाव घाला. अनएम्प्लॉयमेंट चालू असतानाच जा. बेकार व्यक्तीला जागा शिल्लक असेल तर सरकारी कॉलेजात ट्यूशन माफ करण्याचीही न्यू जर्सीत सोय आहे, तीही तिथेच विचारा.

ग्रीन कार्डवाल्यांना आणि कामाची परवानगी असलेल्या इतरांनाही विओआ मिळते. पण पुरुषांनी एक कागद आधीच तयार ठेवावा. १८ ते २५ वयाच्या मुलांनी, ग्रीन कार्डवाल्यांनीसुद्धा, सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे गरज पडल्यास सैन्यभरतीसाठी ठेवलेल्या सरकारी यादीत, नाव नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. ते न केल्यामुळे ट्रेनिंगचा निधी अडू शकतो. वयाच्या २६ नंतर अमेरिकेत आलेल्यांना ही नोंदणी लागू नाही, पण काउंटरवर आल्याची तारीख दाखवावी लागते. पासपोर्टवरचा पहिल्या प्रवेशाचा शिक्का किंवा व्हिसाचं पान बरोबर न्या. घरात अठरा पूर्ण झालेला मुलगा असेल तर त्याची नोंदणी आजच उरका.

अर्ज, सल्ला, नावनोंदणी, यांपैकी कशालाही पैसे लागत नाहीत. दोनशे डॉलरमध्ये टीएएचा फॉर्म भरून देतो म्हणणारा भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे व्हा.

सातवी पायरी: कागद एका फायलीत

बंद योजनेसाठी कागद कशाला सांभाळायचे? कारण ही योजना याआधीही संपून पुन्हा उठली आहे. २०१४ च्या सुरुवातीला नियम आवळले गेले, मग २९ जून २०१५ ला नवा कायदा झाला, आणि १ जानेवारी २०१४ पासूनचे नाकारलेले अर्ज नव्या नियमांनी पुन्हा तपासले गेले. २०११ मध्येही ऑक्टोबरातल्या कायद्याचा लाभ फेब्रुवारीपासूनच्या अर्जांना दिला होता. पुन्हा तसं होईल असं मी म्हणत नाही. झालं, तर ज्यांच्याकडे तारखा असतील त्यांचं काम सोपं होईल, एवढंच.

फायलीत पहिले आणि शेवटचे पे-स्टब, डब्ल्यू-२, ले-ऑफचं पत्र किंवा तो टेक्स्ट मेसेज, एजन्सीची नेमणुकीची नोटीस आणि अनएम्प्लॉयमेंटच्या निर्णयाचं पत्र ठेवा. मेसेजचा स्क्रीनशॉट काढा, फोन बदलला की ते जातात. एका कागदावर मराठीत का होईना लिहून ठेवा: कोणता माल हाताळत होता, बॉक्सवर कोणत्या देशाचं नाव छापलेलं असे, ते कधीपासून बदललं, कपातीच्या मीटिंगमध्ये मॅनेजर काय म्हणाला. आयात किती वाढली हे सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर नव्हती. अर्ज गेल्यावर खातं कंपनीकडून आकडे मागवायचं, गिऱ्हाइकांना विचारायचं आणि ४० दिवसांत निर्णय द्यायची कायद्याने अपेक्षा होती. पण चौकशी कोणत्या मालाची करायची, हे पहिलं बोट कामगारानेच दाखवावं लागे.

आणि गटात आणखी कोण होतं, त्यांचे फोन नंबर घ्या. एजन्सीचे लोक महिन्याभरात चार ठिकाणी पांगतात, नंतर कोणी सापडत नाही.